बोलणं परत येतंय, मग गोळ्या बंद करायच्या का?

ताई, नमस्कार.

आम्ही पलूस तालुक्यातले. माझा मुलगा आता साडेसात वर्षांचा आहे. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. अंगणवाडीतली सगळी गाणी पाठ, शेजारच्या म्हातारीला बाजारभाव सांगायचा. पुढे हाक मारली तरी बघेनासा झाला. कानात मळ असेल म्हणून तेल घातलं. मग बहिरा झाला की काय म्हणून कानाची बेरा तपासणी केली, ती नॉर्मल आली. दोन-तीन महिन्यांत बोलणंच थांबलं. एका ठिकाणी स्वमग्नता सांगितली. मी त्याला हट्टी समजून मारलंसुद्धा, ते आठवलं की घास उतरत नाही. एके रात्री झोपेत तोंड वाकडं होऊन लाळ गळायला लागली, तेव्हा मिरजेला नेलं. झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लहरींचा आलेख, काढल्यावर लँडाऊ-क्लेफनर सिंड्रोम असं निदान झालं. तेव्हापासून व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी चालू आहे. स्टिरॉइडही दिलं, ते आता हळूहळू कमी करत आणलंय.

दिवाळीपासून शब्द यायला लागलेत. 'आई', 'पाणी', 'नको'. परवा गोठ्याच्या दारात उभा राहून 'म्हस आली' म्हणाला. सगळं घर रडलं. पण त्यावरून घरात वाद सुरू झालाय. दीर म्हणतात हा आजार वय वाढलं की आपोआप जातो, त्यांनी वाचलंय की एका मुलाचं सगळं बोलणं औषधाशिवाय परत आलं. गोळ्यांनी पोरगं फुगलंय, बंद करा म्हणतात. सासूबाईंनी औदुंबरला नवस बोलला होता, त्यांच्या मते महाराजांनी केलं, आता औषध म्हणजे अविश्वास. आम्ही खाणाखुणांनी बोलायला लागलो होतो, तेही बंद करा, हाताची सवय लागली की तोंड उघडणार नाही, असं सगळे म्हणतात. मिस्टर काहीच बोलत नाहीत. खरंच आपोआप बरं होतं का? गोळ्या थांबवू का? आणि तो पहिल्यासारखा होईल का?

— एक आई

*

ताई,

'म्हस आली' ही बातमी तुम्ही एका ओळीत उरकलीत, पण माझ्या कामाच्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. 'पाणी', 'नको' हे सुटे शब्द. 'म्हस आली' हे वाक्य. आणि 'आला' नाही, 'आली' म्हणाला. म्हणजे शब्दाला शब्द कसा जुळवायचा हे कुणी न शिकवता त्याच्या मेंदूला पुन्हा सुचायला लागलंय. घर रडलं ते योग्यच झालं.

आता उत्तर आधी देते, कारणं मागून. गोळ्या बंद करू नका. स्वतःच्या मनाने कमीही करू नका, 'एक दिवस देऊन एक दिवस सोडू' असलं काहीही नको. मी वाचा-उपचार करणारी आहे, डॉक्टर नाही. डोस किती आणि तो कधी उतरवायचा हे तुमचे मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील. पण अशी मुलं मी जवळून पाहिली आहेत, आणि शब्द परत यायला लागल्यावरचा हा काळ किती नाजूक असतो ते मला माहीत आहे. घरातल्यांचा धीर आणि घाई दोन्ही याच काळात वाढतात.

तुमचे दीर खोटं बोलत नाहीत, हे मात्र आधी मान्य करते. हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला गेला तो १९५७ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात. विल्यम लँडाऊ हे मेंदूचे डॉक्टर, आणि फ्रँक क्लेफनर हे तिथल्या बहिऱ्या मुलांच्या संस्थेत काम करणारे. चांगली बोलती मुलं एकाएकी बोलायची थांबतात, बहिरी समजली जातात, आणि त्यांचे कान तर धडधाकट असतात, हे कोडं त्यांच्यासमोर होतं. अशा सहा मुलांबद्दल त्यांनी लिहिलं. तुम्ही मळापासून बेरापर्यंत जी वणवण केलीत ती या आजारात जवळपास प्रत्येक घराच्या वाट्याला येते, इथेही आणि तिथेही. पुढे लँडाऊंनी अशा मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला, १९८० मध्ये तो छापून आला. त्यात काही जण पूर्ण बरे झालेले होते, काहींच्या बोलण्यात-समजण्यात अडचण राहिली होती. तेव्हापासून आजवर ज्यांनी ज्यांनी हा आजार अभ्यासला त्यांना ही दोन्ही प्रकारची मुलं भेटली आहेत. औषधाशिवाय, कधी महिन्यांनी तर कधी वर्षांनी, भाषा परत आलेली मुलं खरोखर आहेत. फक्त लग्नात-बारशात आपल्याला गोष्ट ऐकू येते ती बऱ्या झालेल्या मुलाची. ज्याचं बोलणं परत आलं नाही त्याची आई अशा ठिकाणी कोपऱ्यात बसलेली असते, तिला कुणी विचारत नाही.

मग 'आपोआप' होतं म्हणजे नेमकं काय होतं? मेंदूतल्या पेशींचं एकमेकींशी बोलणं विजेच्या बारीक लहरींतून चालतं. या आजारात कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला, जिथे ऐकलेल्या आवाजाचा अर्थ लागतो, तिथे या लहरी उसळतात. दिवसा कमी, गाढ झोपेत फार. काही मुलांत तर गाढ झोपेचा बहुतेक सगळा वेळ या उसळ्यांनीच भरलेला असतो. आणि दिवसभर ऐकलेलं, शिकलेलं मेंदू लावून ठेवतो तो झोपेतच. रात्री हिशोब लिहायला बसलेल्या माणसाच्या हातातली वही कुणी दर सेकंदाला हिसकावून घ्यावी, तशी त्याची गत होते. म्हणून मुलाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. माझ्याकडे मूल आलं की मी त्याच्या पाठीमागे स्टीलचं झाकण फरशीवर पाडते. ते दचकून वळतं. मग त्याच जागेवरून त्याचं नाव घेते. ते खेळतच राहतं. आयांना त्या क्षणी रडू येतं, कारण 'मुद्दाम करतो' हा संशय तिथे संपतो. आजार वाढला तर पुढे कुत्र्याचं भुंकणं, गाडीचा हॉर्न यांचाही अर्थ लागेनासा होतो.

वय वाढतं, मेंदू पिकत जातो, तशा या उसळ्या कमी होतात. पंधराव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांच्या फिट आणि ईईजीतली गडबड थांबलेली असते. दिरांनी वाचलेलं 'आपोआप' ते हे. पण उसळ्या थांबणं वेगळं आणि भाषा परत येणं वेगळं. मधली जी वर्षं मेंदूची अशी गेली, ती भाषा शिकण्याची वर्षं होती. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये अशा मुलांचा अभ्यास झाला. झोपेतल्या या उसळ्या ज्यांच्यात तीन वर्षांपेक्षा जास्त टिकल्या, त्यांच्यातल्या एकाचीही भाषा पुढे पूर्ण वयाला साजेशी झाली नाही. दिरांना एवढी एकच गोष्ट सांगा. आजार कधीतरी जाईल याला महत्त्व आहेच, पण तो किती वर्षं राहिला याला त्याहून जास्त आहे. औषध देतात ते ही वर्षं कमी करण्यासाठी.

शिवाय हा आजार सरळ रेषेत जात नाही. शब्द येतात, पुन्हा जातात, पुन्हा येतात. एखाद्या तापानंतर किंवा काही कारण नसतानाही महिनाभर मागे गेलेली मुलं मी बघितली आहेत. दिवाळीपासून आलेलं बोलणं गोळ्यांनी आलं की वयाने, हे आज कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. गोळ्या थांबवून ते तपासायचं, तर त्याची किंमत तुमच्या मुलाने मोजायची. व्हॅल्प्रोएट एकदम तोडलं तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकतं. स्टिरॉइडचं तर आणखी वेगळं: बाहेरून ते बरेच दिवस मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, मग ते अचानक बंद केल्यास अंगातलं त्राण जातं, रक्तदाब उतरतो. म्हणूनच डॉक्टर ते उतरवत आणतायत. आणि कुणाच्या पोराला फिटसाठी दिलेली दुसरी गोळी 'चांगली आहे' म्हणून आणून देऊ नका. फिटची काही नेहमीची औषधं, कार्बामॅझेपिन आणि फेनिटोइन त्यांतलीच, या आजारात झोपेतल्या उसळ्या वाढवू शकतात.

'पोरगं फुगलंय' ही तक्रार खोटी नाही. स्टिरॉइडने भूक भडकते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, आणि व्हॅल्प्रोएटनेही वजन वाढतं. ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, वजन आणि रक्तदाब बघायला सांगा. घरात फरसाण-बिस्किटांचे पुडे कमी करा. स्टिरॉइड उतरलं की चेहऱ्याची सूज बहुतेक वेळा ओसरते.

आता पुढची पायरी. गोळ्यांचं काय करायचं हे ठरवायला घरातलं मत नको, झोपेतला नवा ईईजी हवा. शब्द यायला लागल्यानंतर तो काढलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर डॉक्टरांना विचारा. जागेपणीचा चांगला आला म्हणून समाधान मानू नका, या आजारात खरी गोष्ट झोपेत दिसते. साधारण ७० टक्के मुलांनाच फिट येते, बाकीच्यांना डोळ्यांना दिसेल अशी एकही येत नाही. तेव्हा 'फिट आली नाही म्हणजे बरा झाला' हे गणितही चुकीचं.

तपासणीच्या आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागवायला सांगतात, ते तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे येणाऱ्या घरांचा घोळ पुढे होतो. रात्रभर जागलेलं पोर पलूस-मिरज गाडीत बसलं की तासगावच्या आत आईच्या मांडीवर घोरायला लागतं, आणि तिथे टेबलावर टक्क जागं! म्हणून सोबत एक दांडगा माणूस घ्या, दिरांनाच घ्या, ज्याचं वाटेत एकच काम: त्याला झोपू द्यायचं नाही. खिडकीत बसवा, ट्रॅक्टर मोजायला लावा, काहीही करा. डोक्याला तेल नको, आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा, नाहीतर तारा नीट चिकटत नाहीत. सकाळची गोळी द्यायची की नाही हेही आधीच विचारून ठेवा, आपल्या मनाने चुकवू नका.

खाणाखुणांकडे वळते, कारण तुमच्या घरातली माझ्या मते सगळ्यात घातक सूचना तीच आहे.

विचार करा, हा मुलगा दोन-अडीच वर्षं अशा घरात राहतोय जिथे सगळ्यांची तोंडं हलतात आणि त्याला काहीच कळत नाही. शाळेत का जायचं नाही आज, आजोबा कुठे गेले, पोट दुखतंय ते कुणाला कसं सांगायचं. असली मुलं चिडतात, वस्तू फेकतात, रात्री झोपत नाहीत, आणि लोक त्याला वळण नाही म्हणतात. याच्या कानाची वाट अडलीय, डोळ्यांची उघडी आहे. त्या वाटेने भाषा जाऊ द्या. खुणांची भाषा मेंदूला भाषाच असते; तिच्यात नाम, क्रियापद, काल, प्रश्न सगळं असतं. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी याच आजाराचा एक मुलगा बरीच वर्षं पाहिला. त्याला खुणांची भाषा शिकवली होती, ती तो बहिऱ्या मुलांच्या बरोबरीने शिकला, आणि पुढे तोंडाने बोलणं परत आलं तेव्हा खुणांनी त्यात काहीही अडथळा आणला नाही. तेही २००१ मध्येच छापून आलंय. माझ्या रोजच्या कामातही हेच दिसतं. बोलणं परत आलेलं मूल स्वतःच हात खाली ठेवतं, कारण बोलणं सोपं पडतं. हात बांधून तोंड उघडत नाही, ताई. हात बांधले की मूल फक्त एकटं पडतं.

तेव्हा खुणा बंद केल्या असतील तर आजच सुरू करा आणि वाढवा. जेवण, अंघोळ, शाळा, दुखतंय, भीती वाटते, उद्या, संपलं, पुन्हा, माझं, तुझं, का. 'का' ची खूण जरूर शिकवा, पोरांना ती मिळाली की घर दणाणून सोडतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा व्हिडिओ-कोश केलाय, तो मोबाइलवर फुकट बघता येतो. रोज रात्री जेवणं झाली की दोन खुणा सगळ्या घराने मिळून शिकायच्या, मिस्टरांनीसुद्धा. ते गप्प असतात असं लिहिलंय तुम्ही. गप्प बसणाऱ्या बापाला हे काम जमतं, मी बघितलंय. बोलून काय धीर द्यावा ते त्यांना सुचत नाही, पण पोरासमोर बसून हात हलवायला ते तयार होतात.

एक चित्रवही करा. बाजारातली छापील नको. तुमचाच गोठा, तुमचीच म्हैस, न्हाणीघर, आजीचा चष्मा, एसटीचा थांबा, दवाखान्याची पायरी, यांचे मोबाइलवर फोटो काढून पलूसमध्ये प्रिंट मारा, खाली मोठ्या अक्षरात नाव लिहा. मिरजेला जायचं असेल त्या सकाळी एसटी आणि दवाखान्याचं पान दाखवा, मग परत घराचं दाखवा. कुठे नेतायत आणि परत आणणार आहेत की नाही, एवढं कळलं तरी निम्मा आरडाओरडा थांबतो. खाली अक्षरं लिहायची ती उगाच नाही. या आजारातली बरीच मुलं ऐकलेल्या शब्दाच्या आधी लिहिलेला शब्द ओळखतात.

बोलताना त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसा. टीव्ही बंद, मिक्सर बंद. एका वेळी एकच गोष्ट, छोटं वाक्य, सोबत खूण. आणि कृपा करून पाहुण्यांसमोर 'म्हण बरं, आई म्हण, म्हस म्हण' अशी परीक्षा घेऊ नका. शब्द आपल्या वेळेला येतो, मागितल्यावर अडकतो. त्याने 'पाणी' म्हटलं की पाणी द्या आणि 'थंड पाणी' एवढंच म्हणा. शाबासकीचा गोंधळ घालू नका, बोलणं ही घरातली साधी गोष्ट राहू द्या. एक वही ठेवा: तारीख, शब्द, आपणहून म्हणाला की ऐकून, आणि कळून म्हणाला का. तोंडाने आलेले शब्द सगळ्यांना दिसतात, कळणं किती परत आलंय ते कुणी मोजत नाही. पाठ फिरवून, हात न हलवता 'चप्पल आण' म्हणून बघा अधूनमधून. आणली तर लिहा. ती वही डॉक्टरांना द्या, त्यांना दहा मिनिटांत जे दिसणार नाही ते त्यात असेल.

रात्री फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

शाळेचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणजे बहुधा तो घरी आहे. असेल तर तसं ठेवू नका. भाषा गेली म्हणून याची हुशारी गेलेली नाही. चित्र, आकडे, सायकल, कोडी यांत अशी मुलं अनेकदा वर्गाच्या बरोबरीने असतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा, शाळा त्याला नाकारू शकत नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलवा. गुरुजींना सांगायच्या गोष्टी थोड्याच: पुढच्या बाकावर बसवा, सूचना फळ्यावर लिहा, श्रुतलेखनातून सूट द्या, तोंडी परीक्षेऐवजी लेखी किंवा चित्रांवरची घ्या. श्रुतलेखन म्हणजे या मुलाला सगळ्यात दुखतं तिथेच बोट घालणं. सांगलीच्या सिव्हिलमध्ये प्रमाणपत्राचंही विचारा. 'शिक्का बसेल' या भीतीने पुष्कळ घरं तिथे जात नाहीत. जिथे स्थिती बदलण्याची शक्यता आहे तिथे ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्रही देता येतं, जन्माचं असलंच पाहिजे असं नाही.

तुम्ही मारलंत, ते मनातून जात नाही म्हणता. मारल्याने, ओरडल्याने, घाबरल्याने हा आजार होत नाही. लसीने नाही, दृष्टीने नाही, मोबाइलने नाही, कानात घातलेल्या तेलाने नाही. काही मुलांत एका जनुकातला बदल सापडलाय, ग्रिन-टू-ए नावाच्या, २०१३ मध्ये ते कळलं. बाकीच्या कित्येकांत नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. तुम्ही हाक मारत होतात आणि पोर बघत नव्हतं, कान चांगले आहेत असं मशीन सांगत होतं. यातून 'हट्ट' हाच अर्थ कुणालाही लागला असता, आणि या आजाराच्या जवळपास प्रत्येक घरात तो लागलेला असतो. त्याला आता जवळ घ्या, एवढं पुरे आहे. स्पर्श कळायला त्याला शब्द कधीच लागले नव्हते.

सासूबाईंशी नवसावरून वाद घालू नका. भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे जीभ कापून ठेवणाऱ्या आणि पलीकडे औदुंबरला ती परत मिळालेल्या मुलाची कथा ऐकतच त्या मोठ्या झाल्या असतील; नातवाची वाचा गेल्यावर त्यांनी दुसरीकडे कुठे जायचं? नवस फेडायला सगळे जा. त्या दिवशीची गोळी मात्र वेळेवर द्या, ती पिशवीत सासूबाईंच्याच हाती ठेवा. अंगारा कपाळाला लावा, पण कुणी देवऋषी धूर, मुळी किंवा पोटात घ्यायचं काही देऊ लागला तर नाही म्हणा. आणि त्या कथेतलं एक सासूबाईंना आठवून द्या. त्या मुलाला घर सोडावं लागलं ते गावाच्या टोमण्यांमुळे. वाड्यात, गल्लीत तुमच्या मुलाला कुणी 'मुका' म्हणत असेल तर आजीने तिथल्या तिथे झापावं. आजीच्या तोंडाला जेवढी गल्ली घाबरते तेवढी आईच्या घाबरत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, पहिल्यासारखा होईल का. होऊ शकतो. त्याच्या बाजूने काही गोष्टी आहेत. पाच वर्षांचा होईपर्यंत तो भरपूर बोललेला आहे. तीन-साडेतीनला आजार सुरू झालेल्या मुलांपेक्षा उशिरा सुरू झालेल्यांची भाषा एकंदरीत जास्त परत येते, हे १९८५ मध्ये डोरोथी बिशप यांनी दाखवून दिलं. शब्द यायला लागलेत, आणि वाक्य आलंय. दुसरी बाजूही सांगते. पूर्ण बोलणाऱ्या मुलांतही कधीकधी गर्दीत, गोंगाटात शब्द निसटतात, मोठी सूचना ऐकून लक्षात राहत नाही, शुद्धलेखन रडवतं. हे राहिलं तरी माणूस शिकतो, कमावतो, संसार करतो. त्याचा पाचव्या वर्षाचा आवाज मनात धरून त्याच्याशी आजची तुलना करू नका. आज तो साडेसात वर्षांचा आहे, त्याला साडेसात वर्षांच्या मुलासारखं काय सांगायचंय ते ऐकायचंय.

जवळपास वाचा-उपचार कुठे मिळेल हे मिरजेच्या डॉक्टरांनाच विचारा, ईईजी आणि शब्दांची वही दोन्ही घेऊन तिथे जा. आठवड्यातून एकदा जमलं तरी चालेल, बाकीचे सहा दिवस काय करायचं ते वाचा-उपचार करणाऱ्या ताई शिकवतील. ईईजीचा निकाल आल्यावर मला जरूर लिहा, आणि सोबत तोवर आलेली नवी वाक्यंही पाठवा, जशी म्हणाला तशीच, न सुधारता.